अंड्यातलं घड्याळ

चांदी ओळखावी तर माझ्यासारख्यानं, आसं मी लातूरच्या आडत बाजारात छाती ठोकून सांगायचो. आता मी त्या बाजारात तुरीची पोती उचलायचो, आन जल्मात चांदीची एकच चीज हाताला लागली, ती धा-बारा वर्सं गळ्यात घालून बी मला कळली न्हाई, ही गोष्ट आपली बाजूला ठिवा.

कळली ती आप्पांना. आप्पा म्हंजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका किराणा दुकानाच्या पायरीला चिकटून त्यांची लाकडी टपरी होती. टपरी एवढी, की दुसऱ्याला आत जायचं आसंल तर आप्पांना भायेर यावं लागायचं. आत वीसेक घड्याळं टांगलेली, आन विसांचा टायम येगळा. एकदा मी शाणपणा केला. म्हणलं, आप्पा, लोकं हासतेत, निदान एक तरी बरोबर लावा. आप्पा म्हणले, "दवाखान्यात समद्या पेशंटांचा ताप सारखा आसतो का रे?"

त्यांच्या उजव्या डोळ्यात कायम ते बारकं भिंग आसायचं. काढायचं ध्यानातच राह्यचं न्हाई. चहा आला की चहा बी भिंगातनंच बघायचे, आन कपात मुंगी दिसली की हॉटेलवाल्याला हाक मारून तिचे पाय मोजून सांगायचे. माणसाकडं बघितलं की एक डोळा बारका आन एक ह्यो एवढा. मला तर वाटायचं आपल्या आतली चाकं दिसून राहिलीत ह्यांना. घड्याळाशी आप्पा कानडीत बोलायचे. खोललेल्या मशिनीवर वाकून हळूच, "बा, बा," म्हणायचे, म्हंजे ये, ये. मी इचारलं, तिच्याशी मराठीत का बोलत न्हाईत? तर म्हणले, मराठीत गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, थोडं खोटं बोलल्या जातं. घरच्या भाषेत खोटं निघत न्हाई.

तवा लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. नळाला पाणी मात्र जुनंच, आठ दिसातून एकदा. समद्या बाजारात पाट्या रंगवून राहिले होते. जिल्हा उस्मानाबाद खोडायचं, जिल्हा लातूर लिवायचं. पेंटरला जेवायला सवड नव्हती. त्यो आप्पांच्या टपरीपशी आला तर आप्पांनी त्याला वाटंला लावलं. "नवीन मशीन हाय. आधी चालती का बघू. दहा वर्सांनी ये." मरेपर्यंत आप्पांची टपरी उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिली.

आन गळ्यात त्यांची चांदीची डबी. लिंगायत माणूस, डबीत इष्टलिंग. लिंबाएवढी डबी, पण काळीशार. इभूत लावायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, घासायचे कधीच न्हाईत. एक सराफ त्यांना म्हणला होता म्हणे, आप्पा, द्या, लख्ख करून देतो. आप्पांनी हात आडवा केला. "माझ्या बापाच्या छातीचा घाम हाय हिच्यावर. बापाला पुसू का?"

हे मला आधी ठाव आसतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मला कुठलीच गोष्ट आधी ठाव नसती.

आमच्या घरात एक खिशातलं घड्याळ होतं. दोन्ही बाजूंनी झाकण, वर कडी, छाप का अक्षर कुठं हाय का, ते आमच्यात कुणी कधी बघितलं न्हाई. आमचे अण्णा, म्हंजे माझे वडील, सांगायचे की निजामाच्या राज्यात तेरणेला पूर आला होता, तवा अण्णांनी एका अमीन साहेबाला, म्हंजे तवाच्या फौजदाराला, खांद्यावर बसवून पल्याड नेलं, आन साहेबानं खूश होऊन खिशातलं काढून दिलं. "शुद्ध चांदी," म्हणायचे अण्णा. दुसरं काही त्यांच्याकडं सांगण्यासारखं नव्हतं, आन ह्याच्याबद्दल कुणी शंका घेतली तर दोन दोन दिस जेवायचे न्हाईत. घड्याळ चालत नव्हतं. पण चालत आसतं तरी काय, आमच्यात कुणाला बघता येत होतं?

तेच घड्याळ बहात्तरच्या दुष्काळात मी गळ्यात आडकवून खडी फोडायला गेलो. निलंग्याच्या रस्त्यावर काम होतं. मुकादमानं माझ्या छातीवर घड्याळ बघितलं आन माझी किंमत वाढली. म्हणला, दुपारच्या सुट्टीची हाळी तू द्यायची. मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. मी मान डोलावली. पंधरा दिस मी झाकण उघडायचो, डोळे बारीक करून बघायचो, मग माझ्या पोटात भूक किती लागली ते बघायचो आन हाळी द्यायचो. भूक तवा सकाळपासूनच लागलेली आसायची. एक दिस मनगटी घड्याळ घातलेले साहेब आले आन बघतेत तर साडेधालाच समदे लोकं झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलेले. साहेबानं माझं घड्याळ कानाला लावलं, परत माझ्या गळ्यात सोडलं आन म्हणले, ह्याला आन घड्याळाला दोघांना बी खडीवर पाठवा.

घासायचा नाद बी तवाचाच. चांदी हाय म्हंजे चमकली पाहिजे, ही माझी अक्कल. पाणी प्यायलाच नव्हतं, मग मी कोरडंच घासायचो, झाकणं उघडून आतनं बी. राख, ईटकराचा भुगा, काहीच नसलं तर रस्त्यावरचा मुरूम. लातूरला आलो, हमाल झालो, तरी दर आवसंला घासायचो. आरशासारखं दिसायचं. मी त्यात बघून मिशा कोरायचो.

आता मूळ गोष्ट. माझी धाकटी बहीण लग्नाची झाली. मुखेडचं स्थळ आलं. पोरगा चांगला, तालुक्याला पाणीपुरवठ्यात चिकटलेला. नवरदेवाचा चुलता मोठा बोलका गडी. आल्या आल्या म्हणला, तुमच्या जिल्ह्याला आजून दात आले न्हाईत, आमचं नांदेड कसं जुनं मुरलेलं. मला ते लागलं. जिल्ह्याची बाजू घ्यायची तर माझ्याकडं काय होतं? मी म्हणलं, जिल्हा नवा आसंल पाव्हणं, पण आमच्या घरात निजामाच्या वक्ताचं चांदीचं घड्याळ हाय. आन आतनं आणून दावलं.

चुलत्यानं तळहातावर घेऊन दोन बार खालवर केलं. म्हणला, लई चांगलं, मग तेच घाला नवरदेवाला, दुसरं आमाला काहीच नको. लग्नाआधी आमच्या मुखेडच्या सोनाराला दावू, त्यो तेजाबाचा थेंब टाकून सांगंल. चांदी आसली तर मांडवात समद्यांम्होरं देऊ. आन नसली तर, आसं म्हणून त्यानं सुपारी तोंडात टाकली.

पाव्हणे गेल्यावर बहीण चुलीपुढून उठून आली. ती कमी बोलती. म्हणली, "दादा, तुला घड्याळाचं कुणी इचारलं होतं?" मी म्हणलं, चांदीच हाय ती, अण्णा सांगतेत ना. ती म्हणली, "आन नसली तर? माझं लग्न मोडंल ते मोडंल, अण्णा जेवतील का परत कधी?" अण्णा भायेर बाजेवर बसलेले. त्यांनी ऐकलं का न्हाई मला म्हाईत न्हाई, पण त्या सांजच्याला ते घड्याळाकडं बघत होते आन मी आलो तसे दुसरीकडं बघायला लागले.

लग्नाला इसेक दिस होते. सराफाकडं जावं तर बाजारात बोभाटा, आन मुखेडच्या लोकांची उठबस त्याच सराफ्यात. म्हणून आप्पा.

आप्पांनी घड्याळ हातात घेतलं आन आधी त्याचा वास घेतला. मग इचारलं, हे कुणी घासलं? मी फुगून सांगितलं, मीच, बारा वर्सं, दुष्काळात सुद्धा खंड न्हाई. आप्पांनी पाठीमागचं झाकण उघडलं आन भिंगातनं एवढा येळ बघितलं की मला वाटलं झोप लागली. मग म्हणले, "हितं काहीतरी कोरलेलं होतं. छाप आसंल, न्हाई तर कुणाचं नाव. घासून खाल्लंस तू."

मी म्हणलं, मला कुठं वाचता येतंय आप्पा.

"म्हणून दुसऱ्यानं बी वाचू नये का?"

मी म्हणलं, मग तेजाब टाका एक थेंब, होऊन जाऊ दे काय ते. तर आप्पा चिडले. तेजाब खरं सांगतं, पण डाग ठिवून जातं, म्हणले. माणूस खरा का खोटा बघायला त्याला चावून बघतो का तू? त्यांनी दोऱ्याला बांधलेला चुंबक घड्याळावर फिरवला. चिकटला न्हाई. मी उडी मारणार तेवढ्यात म्हणले, जर्मनला बी चिकटत न्हाई, बस खाली. जर्मन म्हंजे जर्मन शिल्वर, दिसायला चांदी, आन चांदीचा त्यात कण न्हाई. मग म्हणले, बरफ आण. चांदी गार लौकर होती, तिच्यावर बरफ लौकर पाणी होतो.

मी पळत गोळेवाल्याकडं गेलो, खडा घेतला, मुठीत धरून पळत आलो. मूठ उघडली तर निस्ता वला हात. आप्पांनी भिंगातनं हात बघितला. "तुझा हात चांदीचा दिसतो," म्हणले.

दुसऱ्या बारीला फडक्यात आणला. एक खडा घड्याळावर, एक लोखंडी पत्र्यावर. घड्याळावरचा आधी गेला. मी परत उठलो, आप्पांनी परत बसवलं. तांब्या-पितळंवर बी आसाच जातो, म्हणले, एका साक्षीदारावर कुणाला फाशी देत न्हाईत. हैदराबादला एक जण चांदी उकडलेल्या अंड्यात ठिवायचा, ती काळी पडायची. पण ते आपल्यात न्हाई. माझ्या टपरीत अंडं येणार न्हाई. आठ दिस थांब, दुसरं काहीतरी बघतो.

आठ दिस थांबण्याची आक्कल माझ्यात आसती तर मी हमाल कशाला झालो आसतो. घरी बहिणीनं दोन अंडी टोपलीत कोंडा घालून ठिवली होती, खुडूक कोंबडीखाली घालायला. मी ती उकडली, कुस्करली, आन चहाच्या डब्यात खाली अंडं, मधी घड्याळ, वर अंडं, आसं दाबून झाकण लावलं. सांजच्याला बघू म्हणलं. तेवढ्यात आडतीवरनं बोलावणं आलं, नांदेडला माल चाललाय, उतरवायला चल. गेलो. नांदेडच्या अलीकडं गाडीचा पाटा तुटला. दोन दिस गाडीखाली सावली धरून बसलो. वैशाखातलं ऊन, आन मला मधीच कधीतरी डबा आठवला.

घरी आलो तर डबा भिंतीच्या भायेर ठिवलेला. बहिणीला वाटलं घुशीनं आत मरून ठिवलंय. मी झाकण उघडलं आन लगेच लावलं. मग डबा पुढं धरून बाजारातनं आप्पांकडं निघालो. गर्दीतनं लोकं आपोआप बाजूला होत होती. पुढाऱ्याला मिळत न्हाई आसा रस्ता मला मिळाला.

आप्पांना वास माझ्या आधी पोचला. एका हातानं त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला, दुसऱ्यानं गळ्यातली डबी झाकली. "तितंच थांब. गटारीच्या पल्याड."

मी पल्याड थांबलो आन समदं सांगितलं. आप्पांनी एकच इचारलं, आतली मशीन काढून ठिवली होती का? मी म्हणलं, न्हाई. आप्पांनी डावा डोळा मिटला. उजव्यात भिंग होतं, त्यो मिटता आला न्हाई.

मला वाटलं हाकलतील. हाकललं न्हाई. गल्लीतल्या एका दगडावर मला बसवलं, कागदात गुंडाळून बारका पेचकस फेकला, आन म्हणले, अंडं तुझं, हात बी तुझेच. मशीन तूच काढायची. मी हितनं सांगतो.

आता माझ्या हाताला पोत्याची आकडी धरायची सवय. त्या हातात त्यो पेचकस म्हंजे हत्तीच्या सोंडेत सुई. आप्पा टपरीतनं बोलून राहिले होते, डाव्या बाजूचा पेच, आरे तुझं डावं न्हाई, घड्याळाचं डावं. गल्ली जमली. किराणावाला तराजू सोडून आला. एक पेच निघाला, राळ्याच्या दाण्याएवढा, आन पडला. आठ-धा माणसं गुडघ्यावर बसून धूळ शोधायला लागली. आप्पा आतनं ओरडले, पाय उचलू नका कुणी. पाव घंटा झाला. मग किराणावाला माझ्याकडं बघून म्हणला, हमाल, तुझ्या आंगठ्याला काय चिकटलंय? पेच माझ्याच आंगठ्यावर, अंड्यात रुतून बसला होता.

मशीन निघाली. झाकणं राखंनं पुसली. घासू नकोस, पूस, आसं आप्पांनी चार बार बजावलं. बघतो तर झाकणं काळीनिळी, जळल्यासारखी. मी म्हणलं, गेलं आप्पा, माझ्या हातानं गेलं. आप्पांनी भंगाराच्या पेटीतनं एक जर्मनचं तुटकं झाकण काढून माझ्याकडं फेकलं. हे बी त्याच घाणीत ठिव, दोन दिस. मग दोन्ही दाव.

ते दोन दिस मी घरी गेलोच न्हाई. पोत्यांवरच पडून राहिलो. बहिणीनं इचारलं आसतं तर काय सांगायचं? एकदा लांबनं बघितलं, अण्णा बाजेवर ताट पुढ्यात घेऊन बसले होते आन जेवत नव्हते.

तिसऱ्या दिशी जर्मनचं झाकण काढलं. मळकं पडलं होतं, पिवळट, पण काळं न्हाई. मी दोन्ही धुतली, चार बार धुतली, तवा आप्पा टपरीतनं उतरून गटार वलांडून आले. अंड्यातनं निघाल्यावर पयल्यांदा त्यांनी माझं घड्याळ हातात घेतलं. गळ्यातली डबी पुढं ओढली, घड्याळाच्या बाजूला धरली, आन भिंगातनं एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. तोच काळा रंग. सारखाच.

"हौदु," म्हणले आप्पा. कानडीत हो. मराठीत म्हणले आसते तर मी इश्वास ठिवला नसता, पण घरच्या भाषेत त्यांचं खोटं निघत न्हाई.

मग मला समजावून सांगितलं. "मुलामा आसता तर तुझ्या ईटकरानं पयल्या दोन वर्सांतच निघाला आसता, खालचं पितळ दिसलं आसतं. बारा वर्सं घासलंस तरी पांढरंच. म्हंजे आतनं भायेरनं एकच. आन जर्मन आसतं तर अंड्यात आसं काळं पडलं नसतं. चांदीच हाय." मग म्हणले, "दोन गाढवपणा केलेस तू, त्या दोन्हीचा मिळून हिशोब लागला. एक कमी केला आसतास तर मला सांगता आलं नसतं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. ते मागं सरकले. वास येतोय, म्हणले. आन तुझ्यापायी मला पाण्याच्या टंचाईत तीन आंघोळी जास्तीच्या झाल्यात, चार घागरी माझ्या घरी आणून टाक. मी धा टाकल्या, दोन मैलांवरच्या हिरीवरनं. पोती उचलून मान तयार होती.

मशीन आप्पांनी आठ दिस ठिवून घेतली. पेट्रोलात धुतली, तिच्याशी कानडीत काय काय बोलले. घड्याळ घरी नेलं तवा अण्णांनी कानाला लावलं. माझ्या जल्मात ते पयल्यांदा चालत होतं. अण्णा बराच येळ कान लावून बसले, मग भाकरी मागितली. दोन खाल्ल्या.

मुखेडच्या सोनारानं तेजाबाचा थेंब टाकला. चांदी निघाली, आन कडेला एक बारका डाग राहिला, आप्पा म्हणले होते तसा. मांडवात चुलत्यानं समद्यांम्होरं घड्याळ नवरदेवाच्या खिशात घातलं आन मला म्हणला, पाव्हणं, सांगा बरं किती वाजले? मी ते त्याच्या खिशातनं काढलं, झाकण उघडलं, डोळे बारीक केले, आन हळूच मांडवाच्या फटीतनं उन्हाकडं बघितलं.

आप्पा पुढं सहा-सात वर्सांनी गेले. टपरीतच, बसल्या जागी, भिंग डोळ्यात. त्यांच्या पोरानं इचारलं, कवा गेले? समदे टपरीत बघाय लागले, आन वीस घड्याळं वीस टायम सांगून राहिली होती. मग कुणीतरी मलाच इचारलं. मी पायरीवरची सावली बघितली आन म्हणलं, धा-सव्वाधा. तेच लिवलं त्यांनी कागदावर. लिंगायतांत मयताला बसवून नेतेत. बसवलेल्या आप्पांना खांदा द्यायला मी होतो. पोत्यापेक्षा हलके होते. मी त्या दिशी एक बी चेष्टा केली न्हाई, आन कुणाला खरं वाटलं न्हाई की मीच हाय.

मागच्या दिवाळीला मुखेडला बहिणीकडं गेलो होतो. तिची नातवंडं भवती बसली. घड्याळ फळीवर होतं, काळं पडलेलं, तिनं कधीच घासलं न्हाई. मी सुरू केलं. म्हणलं, बघा रे, लातूरच्या समद्या बाजारात ह्याची चांदी ओळखणारा एकच माणूस, तुमचा ह्यो आजोबा.

बहीण आतनं परात घेऊन आली. पोरांकडं बघून म्हणली, "ओळखली ती आप्पांनी. ह्यानं निस्ती माझी दोन अंडी नासवली."